जुने चित्रपट आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘जगातले जुने नामांकित चित्रपट’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे कार्यकारिणीने ठरवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चित्रपटाच्या कलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेल्या दिवाळीपासून दर पंधरवड्याला शनिवारी दुपारी आपण मिळून जे चित्रपट पाहिले, त्यांतली एकही दुपार मी चुकवली नाही. घरी जाऊन भाकरी थापताना त्यांचाच विचार मनात घोळत असे. तो विचार तेवढा आपल्यापुढे मांडते.

ज्या भगिनी त्या वेळी आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. आपल्या एका सभासद ताईंनी घरचा टी.व्ही. सभागृहात आणून दिला. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी मोबाईल त्याला जोडून चित्रपट लावले. परदेशी चित्रपटाच्या तळाशी इंग्रजी अक्षरे येतात. ती वाचून मुली मोठ्याने मराठीत अर्थ सांगत आणि आपण ऐकत बसत असू. सुरुवातीला पुष्कळजणींना वाटले, की काळेपांढरे, सत्तर वर्षांपूर्वीचे चित्रपट, त्यांत आपल्याला काय कळणार? पण पहिल्याच दिवशी मागून एक काकू म्हणाल्या, “हे तं आपलंच घर हाये वं माय!” त्या वेळी पडद्यावर घर होते इटली देशातल्या रोम शहरातले.

काकू खरेच बोलल्या. आपण पाहिलेले चित्रपट निरनिराळ्या देशांचे आणि भाषांचे, पण बहुतेक सारे १९४८ ते १९६० या बारा वर्षांतले. त्यांत राजाराणी नाहीत, चमत्कार नाहीत. त्यांत एक घर आहे. त्या घरात पैसा पुरत नाही, कुणाचे तरी देणे आहे, आणि चूल मात्र रोज पेटवावी लागते. एवढ्या साध्या गोष्टीवर जगातल्या मोठमोठ्या दिग्दर्शकांनी चित्रपट काढले आणि जगाने त्यांना मानाची पदके दिली. आपल्या घरची अडचण ही लाजेने पदराखाली झाकून ठेवण्याची गोष्ट आहे, असे आपण लहानपणापासून शिकत आलो. या लोकांनी ती चारचौघांत पडद्यावर मांडली. म्हणूनच हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

या कामात महाराष्ट्र मागे नव्हता, हे आधी अभिमानाने सांगते. चित्रपटाला अजून वाचा फुटली नव्हती, त्या काळात, १९२५ साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कारस्थानाने जमीन गमावून शहरात गिरणीत राबायला जाणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. परंतु सारे देवादिकांचे चित्रपट काढीत होते त्या दिवसांत आपल्या एका माणसाने कुणब्याचे कर्ज पडद्यावर आणले, ही गोष्ट विसरता कामा नये.

आता रोममधल्या त्या घराकडे वळते. चित्रपटाचे नाव मराठीत ‘सायकलचोर’ असे म्हणता येईल. १९४८ साली व्हित्तोरिओ दे सिका या दिग्दर्शकाने तो काढला. दुसरे महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. इटली युद्धात हरलेला देश. कामधंदा कुठे नाही. अंतोनिओ नावाच्या गृहस्थाला फार दिवसांनी भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते. पण अट अशी, की स्वतःची सायकल पाहिजे. सायकल तर गहाण पडलेली. अंतोनिओ डोक्याला हात लावून बसतो. त्याची बायको मारिया काय करते? ती उठते, पलंगावरच्या चादरी ओढून काढते, आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवून आणते. लग्नात माहेराहून आलेल्या चादरीही त्यांत जातात.

गहाणाच्या दुकानातला प्रसंग आठवा. तिथला माणूस त्यांचे गाठोडे घेऊन फळ्यांवर चढतो. चढतो, चढतो, तो पार छतापर्यंत. आणि आपल्याला दिसते, की खालपासून वरपर्यंत नुसती चादरींची गाठोडी रचलेली आहेत. म्हणजे गावातल्या किती घरांतल्या बायांनी अंथरुणे काढून दिली असतील! त्या ठिकाणी कुणी भाषण करत नाही, रडत नाही. नुसती गाठोडी दिसतात, आणि सारे कळते. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर सोनाराच्या दुकानात डोरले, पोत आणि कानातले घेऊन उभ्या राहणाऱ्या बाया मला त्या वेळी आठवल्या.

पुढे पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीस जाते. बाप आणि सातआठ वर्षांचा ब्रुनो हा मुलगा दोघे शहरभर शोधत हिंडतात. सायकल सापडत नाही. शेवटी हताश होऊन बाप स्वतःच एक सायकल उचलतो आणि लोकांच्या हाती सापडतो. मुलाच्या देखत लोक त्याला मारतात, त्याची टोपी खाली पडते. सायकलचा मालक रडणाऱ्या पोराकडे पाहून त्याला सोडून देतो. दोघे चालू लागतात आणि मुलगा हळूच बापाचा हात धरतो. बस, एवढ्यावर चित्रपट संपतो. अंतोनिओचे काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा मुळात नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. म्हणूनच त्याचे चालणे, बसणे, घाम पुसणे खरे वाटते.

हा चित्रपट आपल्या देशात कसा पोचला, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५२ साली मुंबईस भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे ‘सायकलचोर’ दाखवला गेला. तो पाहून बिमल रॉय यांच्या मनाने घेतले, की आपल्या देशातल्या माणसाचीही अशीच गोष्ट सांगायची. दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला.

‘दो बिघा जमीन’ची गोष्ट आपल्यापैकी कित्येकींनी घरात अनुभवली असेल. शंभू महातोची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणीसाठी पाहिजे. शंभू विकायला तयार नाही. जमीनदार म्हणतो, “मग कर्ज फेड.” शंभूच्या हिशेबाने देणे पासष्ट रुपये. घरातले किडूकमिडूक विकून, बायकोचे दागिने देऊन तो ते जमवतो. वहीत पाहतो तो दोनशे पस्तीस! शंभू अंगठेबहाद्दर. मजुरी करून जे फेडले त्याची पावती नाही. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते आणि शंभू कलकत्त्यास जाऊन माणसांनी ओढायची रिक्षा ओढतो. बलराज साहनी हे मोठे शिकलेले गृहस्थ, पण या कामासाठी त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढण्याचा सराव केला. शंभूच्या बायकोचे, पारोचे, काम निरूपा रॉय यांनी केले, आणि म्हाताऱ्या बापाचे आपल्या नाना पळशीकरांनी.

पासष्टाचे दोनशे पस्तीस झाले त्या ठिकाणी आपल्या सभागृहात किती शांतता पसरली, ते आठवते ना? इटलीतल्या अंतोनिओची सायकल चोराने नेली. आपल्या शंभूची जमीन वहीने नेली. शेवटी जमिनीवर गिरणी उभी राहते. शंभू कुंपणाबाहेरून वाकून मूठभर माती उचलतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो. १९५४ साली फ्रान्समधल्या कान येथील महोत्सवात या चित्रपटाला पारितोषिक मिळाले.

त्याच १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ काढला. साने गुरुजींचे पुस्तक आपल्या घराघरांत आहे, तेव्हा कथा सांगत बसत नाही. वनमालाबाईंनी आई केली आणि माधव वझे या मुलाने श्याम केला. राष्ट्रीय पारितोषिके १९५४ साली प्रथमच दिली गेली, आणि उत्तम चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या आपल्या मराठी चित्रपटास मिळाले. ‘दो बिघा जमीन’ला त्या वेळी गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र होते. एका कोकणातल्या गरीब आईने साऱ्या देशात पहिला मान मिळवला!

‘श्यामची आई’ म्हटले, की आपण संस्कारांविषयी बोलतो. पाय घाण होऊ नयेत म्हणून जपतोस तसे मनही जप, हे आपण मुलांना सांगतो. ते योग्यच आहे. पण या खेपेस बाकीच्या चित्रपटांच्या जोडीने पाहिल्यावर मला दुसरेही काही दिसले. त्या साऱ्या संस्कारांच्या मागे कर्ज आहे. गुरुजींच्या पुस्तकात सावकाराचा माणूस दारात येऊन काय काय बोलतो, घरावर जप्तीची पाळी कशी येते, गावात दवंडी पिटल्यावर त्या माउलीला तोंड लपवावेसे कसे वाटते, ते सारे आहे. ती आई आजाराने गेली असे आपण म्हणतो. पण तो आजार अंगात शिरला तो अब्रू गेल्याच्या दुःखातून, असे मला वाटते. मुलाला सत्य शिकवणाऱ्या त्या आईला स्वतःच्या घराचे देणे किती, हे कुणी वेळेवर सांगितले होते काय? हा प्रश्न मनात आला आणि तो काही केल्या जाईना.

असाच प्रश्न घेऊन मी ‘पथेर पांचाली’ पाहिला. बंगालीत नावाचा अर्थ वाटेचे गाणे असा आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी तो १९५५ साली पुरा केला. राय यांनी १९५० साली लंडनमध्ये ‘सायकलचोर’ पाहिला होता आणि त्यातूनच त्यांना धीर आला. जवळ पैसा नव्हता. विम्याची पॉलिसी गेली, बायकोचे दागिने गहाण पडले, मध्येच काम बंद पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. ज्या चित्रपटात गरीब घरातली भांडी विकली जातात, तो पुरा होण्यासाठी एका खऱ्या बाईचे दागिने गहाण पडावे लागले! १९५६ साली कानच्या महोत्सवात ‘माणुसकीचा उत्तम दस्तऐवज’ म्हणून त्याचा गौरव झाला.

या चित्रपटातली सर्बजया ही आई मला सगळ्यांत खरी वाटली. ती श्यामच्या आईसारखी देवमाणूस नाही. घरात एक म्हातारी आते आहे, इंदिर ठाकरुण. दात नाहीत, कंबर वाकलेली, पोरांवर जीव टाकणारी. सर्बजया तिला टाकून बोलते, तिने मिरची-तेल घेतले तरी तिच्या कपाळाला आठी पडते. म्हातारी शेवटी बांबूच्या बनात बसल्या जागी मरते. आपल्यातल्या सासूबाईंनी त्या वेळी डोळ्याला पदर लावला, आणि सुना खाली मान घालून बसल्या. पण भगिनींनो, सर्बजया वाईट बाई नाही. ताटात चौघांपुरतेच असताना पाचवा घास मागितला जातो, तेव्हा माणसाचे मन कसे आखडते, ते राय यांनी दाखवले आहे. गरिबी माणसाला पवित्र करते असे पुस्तकात लिहिणे सोपे. बहुधा ती माणसाला चिडखोर करते.

हरिहर, तिचा नवरा, स्वभावाने भला. कामाच्या शोधात बाहेरगावी जातो आणि पुष्कळ दिवस त्याचा पत्ता नसतो. इकडे सर्बजया एकेक भांडे विकून पोरांना जगवते. पावसात भिजून दुर्गा तापाने फणफणते आणि एका वादळी रात्री आईच्या मांडीवर जाते. नंतर हरिहर येतो, तो हसत हसत पिशवीतून वस्तू काढतो. मुलीसाठी लुगडे आणलेले असते. सर्बजया ते दातात धरते आणि कोसळते. त्या वेळी तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातले एक वाद्य आक्रोश करते. कितीतरी बायांचे रडणे असेच असते. तोंड उघडलेले असते आणि आवाज कुणाला ऐकू जात नाही.

चित्रपट संपल्यावर एका नव्या सुनेने विचारले, “काकू, त्यानं पत्र का नाही टाकलं आधी?” मला वाटते, अपयश लिहायला हात उठत नसावा. कमाई झाल्यावरच तोंड दाखवायचे, हे पुरुषाच्या मनात फार खोल रुजलेले असते.

मग आपण मेहबूब खान यांचा १९५७ सालचा ‘मदर इंडिया’ पाहिला. हा रंगीत, मोठ्या थाटाचा. मेहबूब खान यांनी ही कथा आधी १९४० साली ‘औरत’ या नावाने केली होती, आणि दोन्ही वेळा सुखीलाला सावकार कन्हैयालाल यांनीच केला. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या शेवटच्या यादीत जाणारा हा पहिला भारतीय चित्रपट. सासूने लग्नासाठी पाचशे रुपये कर्ज काढलेले असते. नवी नवरी राधा, म्हणजे नर्गिसबाई, घरात पाऊल टाकते ती त्या कर्जावरच. पंच सावकाराच्या बाजूने निकाल देतात, आणि पिकाचे तीन वाटे व्याजात जातात. म्हणजे लग्न हा पहिला खड्डा! हळद ते मांडव परतणे, आहेर, बॅण्ड, जेवणावळी यांचा आपल्याकडचा खर्च मनात आणा, आणि सत्तर वर्षांत आपण किती पुढे आलो ते आपले आपणच ठरवा.

या चित्रपटात राधा शेवटी पोटच्या बिरजूवर गोळी झाडते, त्यावर आपल्यात पुष्कळ वाद झाला. कुणी म्हणाले, आई असे करूच शकत नाही. कुणी म्हणाले, गावच्या लेकीच्या अब्रूसाठी तिने केले ते बरोबरच. तो वाद पुन्हा उकरत नाही. मला बोलायचे आहे ते शामूविषयी. राधाच्या नवऱ्याचे हात दगडाखाली चिरडतात. आपण घराला ओझे झालो असे वाटून एका रात्री तो कुणालाही न सांगता निघून जातो. राधा त्याला गावोगाव शोधते. तो परत येत नाही. कर्ज, दोन बैलांचे काम आणि पोरे सारे तिच्या गळ्यात.

त्या ठिकाणी आपल्या सभागृहात कुणी हुंदका दिला, तो मी ऐकला. कुणी, ते इथे सांगण्याचे कारण नाही. आपला वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. पुढे २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांपायी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा यांच्या जोडीने आपलेही नाव होते. जिल्ह्याचे नाव देशाच्या वर्तमानपत्रांत आले ते अशा कारणाने. आपल्याच ओळखीच्या गावांतून किती शामू रात्री न सांगता उठून गेले! त्यांच्या राधा आज आपल्याच मंडळात, बचत गटात, रोजगाराच्या कामावर आपल्या शेजारी बसतात. त्यांच्यापैकी कितीजणींच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकले आहे: “मले काही सांगतलंच नाही त्यायनं.”

भगिनींनो, मला जे सांगायचे आहे ते या एका वाक्यात आहे. पाऊस, बाजारभाव, बियाण्याचे दर हे आपल्या हातात नाहीत. चित्रपट पाहून कर्ज फिटत नाही, एवढे मलाही कळते. पण घराचे देणे किती, कुणाचे, कोणत्या व्याजाने, हे घरातल्या दोघांनाही माहीत असणे आपल्या हातात आहे. या पाच-सहा चित्रपटांतल्या घरांची मनातल्या मनात तुलना करून पाहा. सर्वांत गरीब घर अंतोनिओचे. पण त्याने बायकोला अडचण सांगितली आणि घटकेभरात तिने वाट काढली. वाट पुढे खुंटली, ते नशीब. पण घर फुटले नाही. हरिहरने कळवले नाही, शामू सांगून गेला नाही. त्या घरांत बायका अंधारात राहिल्या.

माझ्या घरची गोष्ट थोडक्यात सांगते. एका वर्षी सोयाबीन सोंगून गंजी लावली आणि वरून पाऊस लागून राहिला. दाणा काळा पडला. त्यानंतर मुलीच्या बाबांचे रात्रीचे जेवण तुटले. विचारले तर म्हणत, “तुला काय समजते त्यातले?” तालुक्याच्या गावचा एक खाजगी देणारा सारखा फोन करत होता, हे मला मुलीकडून कळले. मी एका रात्री मुलीची जुनी वही आणि पेन त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटले, “सातवीपर्यंत गणितात मी पास होते. बेरीज मी करते, तुम्ही आकडे सांगा.” पहिले पान भरायला दोन रात्री लागल्या. सोसायटीचे, बँकेचे, कृषी केंद्राचे, त्या खाजगी माणसाचे आणि नात्यातले, असे पाच ठिकाणचे देणे निघाले. बेरीज केली तेव्हा आकडा मोठा होता, पण मनात ज्याची भीती धरून बसले होते त्याहून लहान होता. खाजगी देणे आधी, कारण त्याचे व्याज महिन्याला चढते, असे ठरवून दोन बकऱ्या आणि माझी पोत विकली. बाकीचे अजून फेडतो आहोत. पण त्या दुसऱ्या रात्री त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, ते मला आजही आठवते.

आता शेवटच्या चित्रपटाविषयी सांगते, कारण तो पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जपानच्या कानेतो शिंदो यांचा १९६० सालचा हा चित्रपट. नाव ‘उघडे बेट’. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला मोठे पारितोषिक मिळाले. यात जवळजवळ कुणी बोलतच नाही, म्हणून मुलींना अर्थ सांगण्याचे कामही पडले नाही. समुद्रातले एक लहानसे उंच बेट. त्यावर एकच कुटुंब: नवरा, बायको, दोन मुले. बेटावर गोडे पाणी नाही. दोघे रोज होडीने पलीकडे जातात, पाणी भरतात, खांद्यावर कावड घेऊन उभी चढण चढतात आणि एकेका रोपाला ओगराळ्याने पाणी घालतात. पुन्हा होडी, पुन्हा कावड. वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या खेड्यांतल्या बायांना हे समजावून सांगायला नको. ती बाई पाऊल टाकी तेव्हा आपण साऱ्याजणी श्वास रोखून बसलो होतो, पाणी हिंदकळू नये म्हणून!

एकदा तिचा पाय घसरतो आणि बादली सांडते. नवरा येतो आणि तिच्या तोंडात मारतो. आपल्यातल्या कितीजणी त्या वेळी “अगं माय” म्हणाल्या. पुढे थोरला मुलगा आजारी पडतो. डॉक्टर येईपर्यंत उशीर होतो. मूल जाते. दोघे पुन्हा कामाला लागतात, कारण रोपे थांबत नाहीत. आणि मग एका दुपारी ती बाई भरलेली बादली हाताने पालथी करते, रोपे उपटून फेकते आणि जमिनीवर पडून रडते. आता नवरा काय करतो, म्हणून आपण भीतीने पाहत होतो. तो हात उगारीत नाही. नुसता उभा राहून तिच्याकडे पाहतो. मग वळून पुन्हा रोपांना पाणी घालू लागतो. थोड्या वेळाने ती उठते आणि तीही आपले ओगराळे उचलते.

पाणी तेच, बाई तीच, पुरुषही तोच. पहिल्या वेळी त्याला सांडलेले पाणी दिसले, दुसऱ्या वेळी बाई दिसली. एक शब्द न बोलता केवढे सांगितले आहे! पण त्या घराला हे कळण्यासाठी एक मूल गमवावे लागले. आपल्या घरांनी तेवढी वाट पाहू नये, एवढेच माझे मागणे आहे.

तरुण मुलींनी एक आक्षेप घेतला, तोही सांगितला पाहिजे. त्या म्हणाल्या, “काकू, या सगळ्या चित्रपटांत बाईनंच सोसायचं, बाईनंच दागिने द्यायचे. हे कशाला शिकायचं?” आक्षेप रास्त आहे. त्या काळच्या पुरुषांनी काढलेले हे चित्रपट आहेत, आणि सोसणारी बाई त्यांना फार प्रिय होती. आपण त्यांतले सोसणे उचलू नये. मारियाचे चटकन उठणे उचलावे, राधेचे मागे न हटणे उचलावे. आणि सर्बजयाने एकदा नवऱ्याजवळ, माझ्याही मनात पुष्कळ होते, असे बोलून दाखवले, ते तर जरूर उचलावे.

तेव्हा या वर्धापनदिनी मी तीन सूचना मांडते. पहिली: प्रत्येक सभासद भगिनीने घरात एक हिशेबाची वही ठेवावी, आणि सात-बारा, पासबुक व सोसायटीची पावती स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. जिला वाचता येत नाही तिला मंडळातल्या मुली वाचून दाखवतील, आणि जे वाचले ते चार भिंतींबाहेर जाणार नाही. दुसरी: अंगठा किंवा सही करण्याआधी कागद वाचून घ्यावा आणि दिलेल्या पैशाची पावती मागावी. शंभूजवळ ती नव्हती. आपल्या राज्यात २०१४ सालापासून सावकारीचे नियमन करणारा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे, आणि सहकारी संस्थांच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. हे आपल्या नवऱ्यांनाही सांगावे. तिसरी: हे चित्रपट येत्या वर्षी घरच्या पुरुषमंडळींना सोबत आणून पुन्हा पाहावेत. पोळ्याच्या आधी, शेतात काम थोडे हलके असते त्या दिवसांत, ‘सायकलचोर’पासून आरंभ करू. ते नाही म्हणतील, तर चहा मंडळातर्फे आहे असे सांगा!